भाऊ आला तेव्हा थोरलीसाठी आम्ही काय काय केलं

दुसरं बाळंतपण माहेरी करायचं नाही, कोल्हापुरातच करायचं, हे आम्ही पाचव्या महिन्यातच ठरवून टाकलं. कारण माझी थोरली. माझं माहेर गडहिंग्लजकडचं. लेक पहिल्या वेळेसारखी चार महिने राहायला येणार म्हणून आईनं खोलीसुद्धा रंगवून घेतली होती. पण पहिल्या वेळी मी एकटी होते. आता चार वर्षांची पोर होती, तिची बालवाडी होती, मंगळवार पेठेतली गल्ली होती, आजोबांबरोबरची रोजची फेरी होती. तिला बरोबर नेलं असतं तर घर, शाळा आणि पप्पा हे सगळं तिच्यापासून एकदमच सुटलं असतं, आणि त्यातच आईची कूसही गेली असती. तिला इथं ठेवून मी गेले असते तर तिनं एवढंच धरलं असतं की बाळापायी आई घर सोडून गेली. शेवटी माझी आईच कोल्हापूरला येऊन राहिली. दोन्हीकडच्या नातेवाइकांत थोडी कुरबुर झाली, पण सासूबाई ठाम राहिल्या, आणि पुढं प्रत्येक वेळी त्यांच्याच जोरावर बऱ्याच गोष्टी जमल्या.

बाळ येणार हे तिला पोट दिसायला लागल्यावर सांगितलं. त्या वयाला जुलै महिना म्हणजे काय कळत नाही, बेंदूर मात्र कळतो. आमच्याकडं आषाढात बेंदूर असतो. कुंभार गल्लीत मातीचे बैल येतात, घरोघरी त्यांची पूजा होते, पुरणपोळी होते. म्हणून 'आधी उन्हाळ्याची सुट्टी, मग शाळा, मग पाऊस, मग बेंदूर, आणि त्यानंतर बाळ' अशी ओळ तिला लावून दिली. ती ओळ ती दूधवाल्यापासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळ्यांना म्हणून दाखवायची.

'तुला खेळायला भाऊ नाहीतर बहीण येणार' असं मात्र मी कुणाला म्हणू दिलं नाही. खेळायला येणारं बाळ निदान वर्षभर तरी येत नसतं. येतं ते झोपणारं, रडणारं आणि आईला चिकटून राहणारं. तेच तिला सांगितलं. तिचे स्वतःचे जन्मानंतरचे फोटो काढून दाखवले, त्यात ती लालबुंद होऊन रडतेय, माझी आई तिला कुंचीत गुंडाळतेय. ट्रंकेतली जुनी झबली, दुपटी काढली तेव्हा तिलाच निवडायला लावलं. बाळाला काय द्यायचं आणि स्वतःसाठी काय ठेवायचं, ते तिनं ठरवावं. तिनं पिवळं दुपटं ठेवून घेतलं, बाकी सगळं देऊन टाकलं.

आणखी एक काम बाळ यायच्या बरंच आधी उरकलं. तिची झोपायची जागा माझ्या कुशीतून पप्पांच्या पलीकडं हलवली. हे बाळ आल्यावर केलं असतं तर बाळानं तिला ढकललं असा सरळ हिशेब झाला असता.

बेंदूर झाला, आणि त्यानंतर काही दिवसांनी बाळ झालं. सिझर झालं. दवाखान्यात ती पहिल्यांदा आली तेव्हा बाळ पाळण्यात ठेवायला सांगितलं होतं, माझे हात मोकळे होते. आत आल्यावर तिनं बाळाकडं पाहिलंच नाही. माझ्या हाताला सलाईनची सुई होती, वर चिकटपट्टी होती, त्याच्याकडं ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच विचारलं, "दुखतंय?" मी म्हटलं, "थोडं." तिनं चिकटपट्टीवर फुंकर घातली. बाळ कुठलं, कसं, कुणासारखं, यातलं काहीही त्या संध्याकाळी झालं नाही. घरचे म्हणत होते, अगं, भाऊ बघ की तुझा! मी खुणेनं त्यांना थांबवलं. ती आईला बघायला आली होती. तेवढं तिला करू द्यायला हवं होतं.

घरी आलो तेव्हा दारात सासूबाईंनी बाळावरून आणि माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मग थोरलीला जवळ बोलावून तिच्यावरूनही तसाच तुकडा ओवाळला. मी सांगितलं नव्हतं, त्यांनाच सुचलं. तिचा चेहरा मला आजही आठवतो.

आता खरी अडचण. ती बाळाची नव्हती, माणसांची होती.

पेठेत बाळंतिणीला बघायला यायचं म्हणजे सगळी गल्ली येते. कुणी झबलं-टोपडं आणतं, कुणी डिंकाचे लाडू, कुणी अळीव. माया खरीच असते, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण दारातून आत येता येता जो तो थोरलीला म्हणायचा, "काय गं, आता तुझे लाड बंद!" "आता मम्मीच्या कुशीत कोण झोपणार, सांग बघू?" आणि सगळ्यांचं आवडतं, "बाळ आम्ही नेऊ काय? देतीस?" पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा ती सोप्यात बैलांशी खेळत होती. मान वर करून ती शांतपणे म्हणाली, "न्या की." सगळे खो-खो हसले. मग एकजण म्हणाली, "असं म्हणतात होय भावाला? वाईट असतं." आधी विचारलं आम्हीच, तिनं मनातलं सांगितलं तर हसलोही आम्हीच आणि रागावलोही आम्हीच. त्या रात्री तिनं अंथरूण ओलं केलं. ती सवय सुटून वर्ष होऊन गेलं होतं.

त्या आठवड्यात बाळाला तपासायला बालरोगतज्ज्ञांकडं गेलो तेव्हा त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, नवं बाळ आल्यावर मोठं मूल असं मागं जातं. बोबडं बोलायला लागतं, बाटली मागतं, भरवून घेतं, अंथरूण ओलं करतं. पाच वर्षांपर्यंत रात्रीचं अधूनमधून तसंही होतच असतं. रागवायचं नाही, दुसऱ्यांसमोर बोलायचं नाही, चादर बदलायची आणि झोपवायचं. आम्ही तेच केलं. गादीखाली मेणकापड घातलं, उशाशी एक चड्डी नि परकर ठेवला, रात्री जे काही करायचं ते दिवा न लावता. पुढं कधीतरी ते आपोआप थांबलं.

पण चिडवणं आपोआप थांबणारं नव्हतं. आणि आपल्याकडं आलेल्या वडीलधाऱ्या बाईला 'असं बोलू नका' म्हणणं बाळंतिणीला शोभत नाही, असंच सगळे धरून चालतात. इथं सासूबाई उभ्या राहिल्या. त्या दाराशी पाटावर बसायच्या आणि कुणी उंबरा ओलांडायच्या आतच सांगायच्या, "थोरलीला लाडाचं-बिडाचं काही बोलू नगा हं, रातचं झोपत नाही ती." वर त्यांना दुसरं काहीतरी विचारायलाही द्यायच्या, "तिच्या बैलांची नावं इचारा, लई भारी ठेवलीत." मग येणाऱ्या बायका आधी तिच्याजवळ टेकायच्या, बैल हातात घ्यायच्या, सर्जा कुठला नि राजा कुठला हे विचारायच्या, आणि नंतर बाळाकडं जायच्या. माणसं वाईट नसतात. त्यांना लहान मुलाशी काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं तेच बोलतात. दुसरं काही दिलं तर आनंदानं ते बोलतात.

दुसरं बोलणं याहून जड होतं. "मुलगी होतीच, आता मुलगा झाला, घर भरलं!" चार वर्षांच्या मुलीला यातलं काय कळतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तिच्या जागी बसून ऐकावं. आधी घर भरलेलं नव्हतं, एवढं तिला नक्की कळतं. आमच्याकडं तिच्या जन्माला पेढे वाटले होते. मुलगी झाली तर जिलेबी आणि मुलगा झाला तर पेढे, हा फरक सासऱ्यांनी तेव्हाच मोडला होता. म्हणून या वेळी पेढे देताना ते मुद्दाम तिला बरोबर घेऊन जायचे आणि प्रत्येक घरात सांगायचे, "हिच्या वेळेला दिलेले त्याच दुकानातले आहेत." ती पुडा धरून मागं उभी राहायची. घर भरल्याचं कुणी बोललंच तर ते म्हणायचे, "घर हिनंच भरलं, हा पाठचा आला." मला हे फार महत्त्वाचं वाटतं. भावाचा राग येतो तेव्हा तो भावाचाच असतो असं नाही, बरेचदा तो अशा एखाद्या वाक्याचा असतो.

सिझरमुळं एक पेच पडला. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. आणि तिचं तर दिवसभर एकच, "मम्मी, मला घे." आधी कडेवर बसायचा कंटाळा करणारी पोर, आता तिला तेच हवं. 'तू जड झालीस' हे तिला सांगायचं नव्हतं, आणि 'बाळ झोपलंय' हेही नाही. मी खरं कारण सांगितलं, पोटाला टाके आहेत, दुखतात. मग आम्ही युक्ती काढली. मी भिंतीला टेकून गादीवर बसायचं, पोटावर उशी ठेवायची आणि तिनं बाजूनं चढून माझ्या खांद्याला बिलगायचं. उचलणं नाही, पण घेणं आहे. दिवसातून कितीतरी वेळा ती उशी घेऊन यायची. नंतर नंतर ती स्वतःच उशी नीट बसवून विचारायची, "टाक्याला लागत नाही न्हवं?"

त्या दिवसापासून एक पथ्य घरात सगळ्यांनी पाळलं. तिला नाही म्हणायचं कारण बाळ असता कामा नये. 'ओरडू नको, बाळ उठेल', 'आत्ता नको, बाळ दूध पितंय', 'थांब, बाळाचं होऊ दे' ही वाक्यं एका दिवसात किती होतात ते लक्ष देऊन ऐकलं की कळतं. त्याऐवजी 'आज्जीचं डोकं दुखतंय, हळू', 'माझा हात मोकळा झाला की देते' असं म्हणायचं. आणि उलट बाजूनं बाळालाही मोठ्यानं सांगायचं, तिला ऐकू जाईल असं, "थांब रे जरा, ताईची वेणी घालून होऊ दे, मग तुला घेते." बाळाला काय कळणार! पण ती ताठ बसायची, वेणीचा एकेक पेड बघत.

पाजण्याचं काय करायचं, हा प्रश्न रोजचा. तान्हं बाळ दिवसाकाठी आठ ते बारा वेळा पितं, म्हणजे तेवढ्या वेळा आई त्याच्याकडं गुंतलेली. आधी ती त्याच वेळी शी-शू काढायची, पाणी सांडायची, दाराची कडी वाजवायची. मग पाजताना गोष्ट सांगायची असं ठरलं. बाळाला घेतलं की ती उजव्या बाजूला येऊन बसायची, आणि गोष्ट फक्त तेव्हाच. हळूहळू बाळ रडलं की तीच ओरडायची, "मम्मी, गोष्टीची वेळ झाली!"

एकदा तिनं मलाही पाहिजे म्हणून हट्ट धरला. माझी एक नणंद होती तिथं, ती म्हणाली, "शी! एवढी घोडी झालीस, लाज नाही वाटत?" मी चमच्यात थोडं दूध काढून तिला दिलं. तिनं चव घेतली, तोंड वाकडं केलं, म्हणाली, "गुळचट हाय." पुन्हा कधी मागितलं नाही. ज्या गोष्टीचं कुतूहल आहे ती कळली की संपते. तिला लाजवलं असतं तर ते मनात राहिलं असतं.

तिच्या आजोबांचं श्रेय इथंच सांगते. आमच्या भागात अजून म्हशींचे गोठे आहेत. संध्याकाळी ती त्यांच्याबरोबर गोठ्यावर जायची. रेडकू आधी आईला लुचतं, मग म्हैस पान्हा सोडते आणि मग धार काढतात, हे ती रोज बघायची. एक दिवस घरी येऊन बाळाकडं बघत म्हणाली, "ह्यो आमचं रेडकू." त्यानंतर बरेच दिवस त्याचं नाव रेडकूच होतं, बारशात ठेवलेलं नाव कागदावर राहिलं.

बारशाला आत्यानं कानात कुर्रर्र केलं, पाठीत धपाटे खाल्ले, रीतीप्रमाणं सगळं झालं. पण नाव आधीच ठरलं होतं आणि ते घरात आम्हा थोड्या जणांखेरीज फक्त थोरलीला माहीत होतं. गुपित सांभाळायला दिलं होतं तिला. तिनं ते गोठ्यातल्या म्हशीला सोडून कुणालाही सांगितलं नाही.

मालिशवाल्या मावशी रोज सकाळी यायच्या. बाळाला पायावर घेऊन तेल लावायच्या, टाळूवर तेल थापायच्या, अंघोळ घालायच्या. वेखंडाची धुरी आम्ही दिली नाही, धूर तान्ह्या फुप्फुसांना चांगला नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. थोरली बाजूला बसून सगळं बघायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मावशींनी आपणहून हाक मारली, "ये बाळा, तुलाबी लावतो." पायावर आडवं घेऊन, वाटीतल्या उरलेल्या तेलानं हातापायाला चोळून, नाक ओढून, अगदी तान्ह्यासारखं. ती डोळे मिटून पडून राहायची. मावशींना कुणी मानसशास्त्र शिकवलं नव्हतं, पण या पोरीला काय हवंय ते त्यांनी हातानं ओळखलं. पुढं महिनाभर दोघांची मालिश झाली.

सगळं गोडच होतं असं नाही. ती बाळाचा पाय दाबायची, मुद्दाम. पाळणा एवढ्या जोरात ओढायची की काळजात धस्स व्हायचं. यात मी एकच नियम ठेवला आणि तो कधी मोडू दिला नाही. ती आणि बाळ एका खोलीत असतील तर तिसरं मोठं माणूस हवंच. अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा. चार वर्षांच्या मुलावर विश्वास नाही म्हणून नव्हे, तिच्यावर तेवढा भार टाकायचा नाही म्हणून. दाबलं तर हात धरायचा आणि सांगायचं, "दुखवू देणार नाही. राग आला असेल तर मला सांग." माफी मागायला लावायची नाही, पापी घ्यायला लावायची नाही. टाळू कशी धडधडते ते तिला लांबून दाखवलं आणि तिथं हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. शाळेतून आल्यावर हातपाय धुवायचे, बाळाच्या तोंडाजवळ जायचं नाही, पापी घ्यायचीच असेल तर तळपायाची. एकदा राग आला तेव्हा ती सरळ येऊन म्हणाली, "मला ह्यो नको." मी म्हटलं, "नको वाटतोय ना? वाटू दे." तिला बहुतेक मी ओरडेन असं वाटलं होतं. ती जरा वेळ उभी राहिली आणि खेळायला गेली.

बालवाडीच्या बाईंना मी आधीच कल्पना देऊन ठेवली होती. काही दिवसांनी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ती वर्गात म्हणते आमच्या घरी बाळ-बिळ काही नाही. बाईंनी तिला खोटं पाडलं नाही, मीही घरी विषय काढला नाही. दिवसातले तीन तास तरी बाळ नसलेली जागा तिला हवी होती, असू दे.

सगळ्यात अवघड गेले ते पुराचे दिवस. कोल्हापूरच्या पोरांना राजाराम बंधाऱ्याजवळच्या पंचगंगेचे आकडे पाठ असतात, 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. आमच्याकडं पाणी येत नाही, पण शाळा बंद, रस्ते बंद, मिस्टर शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर अडकलेले, आणि घरात सगळे कोंडलेले. लंगोट वाळत नव्हते, सोप्यात दोरीवर दोरी बांधलेली. थोरली चिमटे लावून द्यायची. पण हे मी तिला काम म्हणून कधी सांगितलं नाही. मुलगी थोरली असली की तिला लवकर छोटी आई करून टाकतात, 'दुपटं आण, पाळणा हलव, बाळाकडं लक्ष ठेव' म्हणत. आधी कौतुकानं, मग हक्कानं. मला ते नको होतं. मनात आलं तर चिमटे, नाही आलं तर नाही. बातम्यांत पाण्याची पातळी ऐकून एक दिवस तिनं विचारलं, "आबा, बाळ किती फूट हाय?" आजोबांनी टेप काढून मोजलं आणि सांगितलं, "पावणेदोन." ती म्हणाली, "मग काय धोका नाही." नंतर पूर ओसरेपर्यंत रोज सकाळी बाळाची पातळी मोजली गेली.

या सगळ्यात मला विचाराल तर सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती 'दार लावायची वेळ'. हे नाव तिचंच. बाळ सासूबाईंकडं किंवा माझ्या आईकडं द्यायचं, आणि संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं मी आणि ती आतल्या खोलीत, दार लावून. मोबाईल बाहेर. काय खेळायचं ते तिनं सांगायचं. बाहेर बाळ रडलं तरी मी उठत नव्हते. आज्जी आहे, ती बघेल. रोज रंकाळ्यावर न्या, महागडी खेळणी आणा, यातलं काही लागलं नाही. ठरलेली वेळ ठरलेल्या वेळी मिळाली की बाकीचा दिवस तिला थांबता यायचं. ज्या दिवशी पाहुण्यांमुळं हुकायचं त्या दिवशी रात्री फरक दिसायचाच.

आता धाकटा रांगतो. तिच्या वह्या चावतो, बैलांचे कान मोडतो. तिची ट्रंक वेगळी केली आहे, किल्ली तिच्याच गळ्यात असते, आणि ट्रंकेतलं त्याला दे असं कुणी म्हणायचं नाही. तो तिला बघून हसतो, ती म्हशीसारखी हंबरली की खिदळतो, आणि पाच मिनिटांनी दोघंही रडत असतात. परवा संध्याकाळी तो दारापर्यंत रांगत आला. मी तिला विचारलं, "घ्यायचं काय त्याला आत? वेळ तुझी आहे, तू सांग." तिनं विचार केला आणि म्हणाली, "उद्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तेव्हाही ती "उद्या"च म्हणाली. मी बाळ सासूबाईंकडं दिलं आणि आम्ही दोघी आत गेलो.